बाळाच्या वतीनं

ती केस मी जिंकायला नको होती. पण जिंकले. आणि माझ्या भावजयीनं माझ्याशी बोलणं टाकलं.

मी हेमांगी दळवी. साताऱ्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. गावात म्हण आहे की अर्धा सातारा माझ्या मंत्राशिवाय लग्न करतो, पण माझ्या सहीशिवाय सुटत नाही. तोंडाळ आहे, हे मला सांगायला येऊ नका, मला ठाऊक आहे. त्या तोंडावरच पोट भरतेय. डोळ्यांचं म्हणाल तर ते जन्मापासून अर्धवट आहेत. बुबुळात जो रंगीत पडदा असतो, उन्हात आकसतो आणि अंधारात पसरतो, तो मला नाहीच. शास्त्रात त्याला परितारिका म्हणतात. आमच्या घराण्यात तिचा पत्ता नाही. आबांना, म्हणजे वडिलांना, नव्हती, मला नाही, माझ्या धाकट्या भावाला, अजिंक्यला नाही. घराला खिडकी आहे आणि पडदा नाही असं समजा. दुपारचं ऊन सरळ आत घुसतं. शिवाय नजरेचा मधला, बारीक बघायचा भाग नीट घडलेला नसतो, म्हणून चार हातांपलीकडचा माणूस मला चेहऱ्यानं नाही, चालण्यानं आणि खोकण्यानं कळतो. कागद कानातलं यंत्र वाचून दाखवतं. बाकी सगळं मी बघून घेते.

अजिंक्यचं लग्न ठरलं तेव्हाच त्यानं मैथिलीला सांगितलं होतं, "नाणेफेक आहे बघ. आपलं मूल माझ्यावर जाईल किंवा तुझ्यावर." मैथिली जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. ती म्हणाली, "माझ्या वर्गात चाळीस पोरं आहेत, त्यातलं एकही मी निवडून घेतलेलं नाही." विषय संपला. प्रयोगशाळेत गर्भ निवडून घ्यायची सोय होती, पण दोघांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

मुलगी झाली. नाणं आमच्या बाजूनं पडलं.

पुण्याच्या डॉक्टर तबस्सुम इनामदारांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. बाई मूळच्या मिरजेच्या, त्यामुळे आडपडदा नाही. "डोळा कसा घडवायचा याचा मजकूर प्रत्येक पेशीत असतो," त्या म्हणाल्या. "त्यातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे पॅक्स-सिक्स नावाचं जनुक. त्याच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. तुमच्या घराण्यातल्या एका प्रतीत, मजकुराच्या मधोमध, चुकून पूर्णविराम पडलाय. पेशी वाचत वाचत येते, पूर्णविराम दिसला की थांबते. पुरणपोळीची कृती 'डाळ शिजवून घ्या' इथंच संपली तर काय होईल?"

"तर आमटी होईल," अजिंक्य म्हणाला.

"अगदी. एका प्रतीची आमटी, एका प्रतीची पोळी. आणि डोळ्याला लागतात दोन्ही पोळ्या. अर्ध्या मालात पडदा उभा राहत नाही."

मग त्यांनी एक छोटी बाटली टेबलावर ठेवली. ठेवल्याचा आवाज आला म्हणून मला कळलं. हे नवे थेंब. पेशीला तो चुकीचा पूर्णविराम ओलांडून पुढे वाचायला लावतात. आमच्यासारख्या मोठ्यांच्या डोळ्यांना त्यांचा उपयोग शून्य, कारण मडकं भाजून झालेलं. पण तान्ह्या बाळाचा डोळा जन्मानंतरही काही महिने घडत असतो. माती ओली असते. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत थेंब सुरू झाले, तर पडद्याची कड धरते आणि नजरेचा मधला भाग बराच सुधारतो. उशीर झाला तर काहीच नाही.

"धोका?" मी विचारलं. सवय.

"आहे. हा माल कमी झाला तरी डोळा बिघडतो आणि जास्त झाला तरी बिघडतो. मिठासारखं आहे. दर आठवड्याला तपासून मात्रा ठरवावी लागते. म्हणून तर समितीची परवानगी लागते."

अर्भकांवरच्या जनुकोपचाराला परवानगी देणारी ही समिती, आणि तिचा एक नियम होता. मूल बोलू शकत नाही, म्हणून तोच दोष घेऊन जगणाऱ्या एखाद्या माणसानं मुलाच्या वतीनं बोलायचं. आईबाप बोललेले चालत नाहीत, ते अर्जदार. एरवी हा निव्वळ सोपस्कार असतो. कुणीतरी येतं, "द्या थेंब" म्हणतं आणि चहा पिऊन जातं.

"ताई, तू बोल," अजिंक्य म्हणाला. "दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. जमेल?"

"दोन वाक्यांची फी घेत नाही मी," मी म्हटलं. मैथिली हसली. तिचं ते हसू पुढं महिनाभर ऐकायला मिळालं नाही.

बिनचालकाच्या एसटीनं आम्ही पुण्याला गेलो. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो की मी आणि अजिंक्य दोघंही गॉगल काढून "हुश्श" करतो, ही आमची लहानपणापासूनची रीत. त्या दिवशी बाळानंही बोगद्यात डोळे टक्क उघडले म्हणे. मैथिलीनं सांगितलं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बर्वे. कारकुनानं अर्ज वाचायला घेतला. अर्ज इस्पितळाच्या यंत्रानं लिहिलेला, त्यामुळे भाषा अशी की कुठं हाडामांसाचा माणूस आडवा येऊ नये. "सदर दोषासह जगणाऱ्या व्यक्तीचे आयुष्य अपुरे, परावलंबी व कुटुंबावर भार असे असते. सबब..."

काय म्हणाले? भार?

आता बघा, मी शांत बसायला हवं होतं. देवाशप्पथ सांगते, मला ते कळत होतं. पण माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी उभी राहिले ती पाऊण तास खाली बसलेच नाही.

"महोदय, हा भार आपल्यासमोर उभा आहे," मी सुरू केलं. "या भारानं आईवडिलांचं म्हातारपण सांभाळलं. या भारानं भावाला इंजिनिअर केलं. या भाराकडे धडधाकट डोळ्यांची माणसं रडत येतात आणि हसत जातात, निदान एक पार्टी तरी. ज्या अर्जाचा पायाच खोटा, त्याच्यावर तुम्ही इमारत चढवणार? आणि कुणाच्या अंगावर? जिला अजून मान धरता येत नाही तिच्या! मात्रा चुकली तर आहे तेवढी नजरही जाईल, असं डॉक्टरच सांगतात. ती आज जशी आहे तशी पूर्ण आहे. तिला दुरुस्त करायचा ठेका कुणी दिला?"

असं बरंच काही. मुद्द्यावर मुद्दा येत गेला. डॉक्टर इनामदार मध्ये बोलू पाहत होत्या, मी त्यांना बोलू दिलं नाही. भर कोर्टात समोरच्याला कसं गप्प करायचं हे मला कुणी शिकवायला नको.

समिती आत गेली, बाहेर आली. बर्वेसाहेबांचा आवाज भारावलेला होता. "इतका प्रभावी युक्तिवाद या समितीपुढं आजवर झाला नव्हता. अर्ज फेटाळण्यात येत आहे. मुलगी सज्ञान झाल्यावर तिनं स्वतः निर्णय घ्यावा."

सज्ञान झाल्यावर! म्हणजे अठराव्या वर्षी! तोवर त्या मडक्याचा दगड झालेला असणार.

खरं सांगते, निकाल ऐकल्यावर पहिला क्षण मला आनंद झाला. जिंकायची खोड. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि मारुतीही असा की शेपटीनं माझ्याच भावाचं घर पेटवून बसलेला.

बाहेर मैथिली माझ्याजवळ आली. एरवी ती मला ताई म्हणते. "अभिनंदन, वकीलसाहेब," ती म्हणाली. "बारशाला तुम्ही येऊ नका. नाव आमचं आम्ही ठेवू."

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तो काढून घेणं म्हणजे काय, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. परतीच्या एसटीत ती पुढच्या सीटवर बसली. बोगदा आला आणि गेला. कुणी हुश्श केलं नाही.

आठवडाभर मी कामात डोकं घातलं. दोन घटस्फोट मिटवले, इतकी माझी अवस्था वाईट होती. मग एका संध्याकाळी अजिंक्य आला. त्यानं चपला काढल्या त्या आवाजावरूनच कळलं की भांडायला आलेला नाही.

"ताई, तू तिथं खोटं काही बोलली नाहीस," तो म्हणाला.

"मग?"

"सगळं बोलली नाहीस, एवढंच."

"मी वकील आहे अज्या. सगळं बोलणं हे साक्षीदाराचं काम."

त्यानं पुन्हा चपला चढवल्या. मीच आपल्या वाक्याशी अडखळले, पण तेव्हा ते नुसतंच खुपलं, उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. न बोलावता. मैथिलीनं दार उघडलं आणि न बोलता बाजूला झाली. मी बाळाला मांडीवर घेतलं. गोधडीचा आणि दुधाचा वास. मी तिला कायद्याची कलमं म्हणून दाखवत होते, कारण मला अंगाईगीतं येत नाहीत. आणि एकदम मैथिली राग विसरून ओरडली, "हसली! ताई, तुमच्याकडे बघून हसली!"

"हो, दिसलं ना," मी म्हटलं.

दिसलं नव्हतं. बाळाच्या हसण्याला अजून आवाज फुटला नव्हता, आणि माझ्यापुढं नुसता एक गोरटेला गोळा होता. हे "हो, दिसलं ना" मी जन्मभर म्हणत आलेय. इंद्रधनुष्य, पोपटांचा थवा, आईचं शेवटचं हातानं खुणावणं. हो, दिसलं ना. इतकं सफाईनं म्हणते की घरच्यांनाही कळत नाही.

पण मैथिली मास्तरीण. कोण पाठ करून बोलतंय आणि कोणाला खरंच उत्तर आलंय, हे तिला बरोबर कळतं. तिनं माझं खोटं तिथंच पकडलं. ते मलाही कळलं.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात कायद्याचं चाक फिरलं.

"मैथिली," मी म्हटलं, "वकिलाचा युक्तिवाद म्हणजे पुरावा नव्हे!"

"काय?"

"अगं, समितीनं माझ्या बोलण्याला पुरावा धरलं. मी वकिलासारखी बोलले. शपथ घेतली नाही, उलटतपासणी झाली नाही. ही चूक आहे, आणि चुकीवर फेरविचार मागता येतो. मला साक्षीदार म्हणून उभं राहावं लागेल. आणि माझी उलटतपासणी तू करायचीस."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस पोरांचे खोटे बहाणे रोज पकडतेस. मला एक्केचाळिसावं समज."

तिनं बाळाला माझ्याकडून उचलून खांद्यावर घेतलं. मग ती म्हणाली, "मी सोडणार नाही हं तुम्हाला."

"सोडलंस तर मीच हरकत घेईन."

बाळाला दोन महिने पुरे व्हायला थोडेच दिवस राहिले होते. डॉक्टर इनामदारांनी धावपळ करून तारीख मिळवली. अर्ज या वेळी यंत्राला लिहू दिला नाही, त्यांनी स्वतः लिहिला. मी शपथ घेऊन साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. ती खुर्ची भलतीच टोचते, माझ्या सगळ्या अशिलांची मला मनापासून दया आली.

मैथिली उभी राहिली. आवाज थेट वर्गातला होता. "नाव सांगा."

"हेमांगी बाबासाहेब दळवी."

"गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, तुमचं आयुष्य पूर्ण आहे. खरं?"

"खरं. आजही तेच म्हणते."

"माझी मुलगी तुमच्या मांडीवर पहिल्यांदा हसली. तुम्ही म्हणालात, दिसलं. दिसलं होतं?"

बर्वेसाहेब खुर्चीत पुढं सरकले असावेत, खुर्ची करकरली.

"नाही," मी म्हटलं.

"मग खोटं का बोललात?"

"समोरच्याचा विरस होऊ नये म्हणून."

"असं किती वेळा बोलता?"

"रोज."

"तुम्हाला वाईट वाटतं?"

मी वकील म्हणून उभी असते तर या प्रश्नाला हरकत घेतली असती. साक्षीदाराला घेता येत नाही.

"वाटतं," मी म्हटलं. "माझं आयुष्य अपुरं नाही, महोदय. भार तर मुळीच नाही. ते वाक्य ज्यानं लिहिलं त्या यंत्राला मी अजून सोडणार नाहीये. पण माझी भाची हसली आणि मला ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं. माझा भाऊ तिचा बाप आहे, त्यालाही सांगावं लागतं. हे आम्ही दोघं चालवून घेतो, कारण आमच्यासाठी दुसरा रस्ता नव्हता. तिच्यासाठी आहे. मी गेल्या वेळी माझी बाजू मांडली आणि तिच्या वतीनं मांडली असं म्हटलं. मला कुणी कमी लेखलं म्हणून मी चिडले आणि त्या रागात तिचं नुकसान केलं. धोका आहे, पण दर आठवड्याला तपासणारी डॉक्टर आहे, आणि रात्रंदिवस बघणारी आई आहे. तिला थेंब द्या. फक्त निकालात एवढं लिहा, की मुलगी आहे तशीही पूर्ण होती. मोठी झाल्यावर तिनं वाचावं म्हणून."

माझा गॉगल आतून ओला झाला होता. पुसायला काढावा तर खोलीतले दिवे डोळ्यांत घुसणार, म्हणून तसाच ठेवला.

"आणखी काही प्रश्न?" बर्वेसाहेबांनी विचारलं.

"नाही," मैथिली म्हणाली. "बसा, ताई."

मी बसलेलीच होते. पण "ताई" ऐकून पुन्हा एकदा बसले.

निकाल आमच्या बाजूनं लागला, ते वाक्यही त्यात आलं. पहिले थेंब त्याच दुपारी पडले. बाळानं असं भोकाड पसरलं की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसांनी खाली डोकावून पाहिलं. आवाज अगदी आत्यावर गेलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. निघताना जिन्यात मैथिलीनं विचारलं, "नाव काय ठेवताय? की ते पण समितीपुढं नेणार?"

बारसं झालं. मी पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात "शाल्मली" म्हटलं आणि नियमाप्रमाणे पाठ पुढं केली. नाव सांगताना आत्याच्या पाठीवर धपाटे घालायची आपल्याकडची पद्धत. बाकीच्या बायकांनी लाडिक चापट्या मारल्या. मैथिलीनं जो एक हाणला, त्यात सगळा थकलेला राग एकरकमी वसूल केला. "कुर्रर्र!" म्हणाली वर. माझ्या डोळ्यांपुढं तारे चमकले, आणि तेवढे तरी मला स्वच्छ दिसले.

मग थेंब आणि तपासण्या, दर आठवड्याला. कधी मात्रा अर्ध्यानं कमी, कधी थोडी वर. एकदा डाव्या डोळ्याची कड वाढायची थांबली, तेव्हा मैथिलीनं जेवण सोडलं आणि मी तिच्या समोर बसून दोघींचं जेवले, म्हणजे तिला राग येऊन ती जेवेल. जेवली. हळूहळू डॉक्टर इनामदारांचा आवाज सैल होत गेला. पडदा पूर्ण आला नाही, येणारही नव्हता. बारीक कड आली, उजव्या डोळ्यात जरा जाड. मधली नजर बरीच घडली. चष्मा लागणार, ऊन थोडं टोचणार. "पण किती लांबचं दिसतंय ते आता तिनंच सांगायचं," त्या म्हणाल्या.

शाल्मली रांगायला लागल्यावर ती परीक्षा झाली. इस्पितळातली लांबलचक खोली, फरशीवर चटई. एका टोकाला बाळ. दुसऱ्या टोकाला आम्ही, मैथिली, अजिंक्य, मी आणि एक परकी नर्स, रांगेत बसलेलो. नियम कडक होता. कुणी बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, बांगडीचा आवाजसुद्धा नाही. आवाजावर नाही, चेहऱ्यावर येते का ते पाहायचं होतं. आम्हा दोघा भावंडांच्या घरात माणूस आवाजानं ओळखतात. मुलीला चेहरे ओळखू येतात की नाही, हे आम्हाला कोणालाच खात्रीनं माहीत नव्हतं.

आणि मला तोंड मिटून बसायचं होतं. माझ्यासाठी ही परीक्षा तिच्यापेक्षा अवघड.

डॉक्टरांनी बाळाला सोडलं. माझ्यापुढं नुसता उजेड होता. हातांची आणि गुडघ्यांची चटईवरची थपथप ऐकू आली. थांबली. शेजारी अजिंक्यचा श्वास अडकला. मला वाटलं, भरकटली बिचारी. मग पुन्हा थपथप, आता भरभर, सरळ, मध्ये कुठंही न चाचपडता. आईकडे चालली, मी मनात म्हटलं, जाऊ दे, आईकडेच जाणार.

थपथप मैथिलीच्या पुढून गेली. अजिंक्यच्या पुढून गेली.

आणि एक छोटा, ओला, लाळेनं चिकट हात माझ्या गालावर बसला. दुसरा हात नाकावर. तोंडातून हूं का चूं न काढलेल्या बाईला त्या पोरीनं पूर्ण खोलीपलीकडून शोधून काढलं होतं.

मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मी तिला उचलून छातीशी धरलं आणि नियमबियम धाब्यावर बसवून मोठ्यानं रडले आणि मोठ्यानं हसले, दोन्ही एकदम. डॉक्टर इनामदार नाक ओढत म्हणत होत्या, नोंद घ्या, नोंद घ्या.

"बघितलंस, मैथिली?" मी ओरडले. "आईबापाला ओलांडून माझ्याकडे आली!"

"हो, दिसलं ना," मैथिली म्हणाली, आणि आमच्या घरात ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.